चंदगडचा ठिपका

१

ठिपके दोनच होते.

गणपतराव सरांनी भिंग पुन्हा पट्टीच्या वरच्या टोकाला नेलं आणि सावकाश खाली आणलं. आमच्या कॉलेजच्या भूगोल विभागातली नकाशांची खोली ती. टेबलाच्या काचेखाली दिवा, काचेवर हातभर लांबीची काळी-करडी फिल्म, आणि भोवती आम्ही चौघं श्वास धरून उभे.

"हे कबनूर," सर म्हणाले. टाचणीच्या डोक्याएवढा पांढराशुभ्र ठिपका. "हे मुरगूड." दुसरा. मग बोट खाली सरकलं. डोंगर आले, नद्यांच्या काळ्या रेघा आल्या, आणि बोट थांबलं. "इथं चंदगड. इथं काही नाही."

गेल्या ऑक्टोबरात, म्हणजे चौऱ्याऐंशी साली, अमेरिकेचं एक यान आपल्या मुलखावरून गेलं होतं. त्यात रडार होतं. ते उजेडाची वाट बघत नाही. स्वतःच खाली लाटा सोडतं आणि ज्या परत येतील त्यांचं चित्र करतं. ढग आडवे आले तरी त्याचं काही अडत नाही. त्या चित्रात आपली नेमकी जागा सापडावी म्हणून सरांनी तीन ठिकाणी खुणा ठेवायचं ठरवलं. जस्ती पत्र्याचे चार-चार फुटी तीन चौकोन एकमेकांना काटकोनात जोडायचे, खोलीचा कोपरा असतो तसे. त्यात शिरलेली लाट आल्या वाटेनं परत जाते आणि चित्रात ठिपका उठतो. आम्ही त्याला नुसतं 'कोपरा' म्हणायचो. आराखडा मी काढला. या खोलीत नकाशे काढायला लागून मला एकोणीस वर्षं झाली होती. पत्र्याचं काम केलं गैबीनं.

गैबी आमचा प्रयोगशाळेतला मदतनीस, सव्वीस वर्षांचा, कल्हईवाल्यांच्या घरातला, सहा वर्षं हंगामी. कबनूरचा कोपरा घेऊन गेले सरांचे सहायक बाळासो, मुरगूडचा जीपचा ड्रायव्हर सयाजी, आणि चंदगडचा एसटीच्या टपावर टाकून गैबी.

"गैबी," सर म्हणाले, "तू गेला होतास ना?"

"गेलतो की सर! सांजच्याला लावला. सकाळी सात चाळीसला यान गेलं, तवर मागं उभा हुतो. तुमी सांगितल्यावानी, तीस पावलं मागं. समोर गेलो न्हाय, हात लावला न्हाय."

"मग ठिपका कुठं गेला? यानानं गिळला?" बाळासो हसले. "सर, मी तवाच बोलणार हुतो. तो कोपरा आठवड्यानं परत आला ना, कोरा करकरीत हुता. आमच्या कोपऱ्यांवर काळ्या मातीचं थर. आणि ह्याचा? चंदगडच्या रानात आठवडा काढला म्हणं, आणि चिखलाचा शितोडा न्हाय."

"बाळासो, तोंड सांभाळून!"

"तू नोकरी सांभाळ."

सरांनी हात वर केला. ते वाईट गृहस्थ नव्हते. पण हा प्रयोग त्यांनी दिल्लीत शब्द टाकून मिळवला होता, आणि निकाल शनिवारी टपालानं वर जायचा होता. "गैबी, तुझ्या कायम नेमणुकीचं पत्र माझ्या खणात आहे. शनिवारी ते नकाशाबरोबर जाणार होतं. न केलेलं काम केलं म्हणणारा माणूस मला या खोलीत नको. ते पत्र जाणार नाही. दुसरं जाईल, कामावरून काढल्याचं." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "अनुसयाबाई, नकाशावर चंदगडपुढं लिहा, कोपरा लावला नाही."

माझा आवाज आधीच लहान. तरी खोली शांत होती म्हणून तो ऐकू गेला असावा.

"सर, मला जे ठाऊक नाही ते मी शाईनं लिहीत नाही. शनिवारपर्यंत ती जागा मोकळी ठेवते."

सरांनी फिल्म गुंडाळायला घेतली. गैबी मात्र थांबला नव्हता. "थांबा, कोपराच आणून दावतो," म्हणत तो सामानाच्या खोलीकडं पळाला.

पाच मिनिटं गेली, दहा गेली. परत आला तो रिकाम्या हातानं, आणि चेहरा असा, की घरातलं कुणी गेल्याची तार हातात पडावी.

"मला काय सांगायचं न्हाय," तो म्हणाला. "तुमी म्हंता तसं लिहा."

२

ओरडणारा माणूस दहा मिनिटांत गप्प होतो, तेव्हा त्या दहा मिनिटांत त्यानं काहीतरी पाहिलेलं असतं. गैबीनं पाहिलं ते मला पाहायला हवं होतं.

गुरुवारी पोथी आटोपून मी नेहमीपेक्षा अर्धा तास आधी आले आणि किल्ली मागून घेतली. तिन्ही कोपरे सामानाच्या खोलीत भिंतीला टेकून होते. दोघांवर काळी माती वाळून खवले धरलेले. तिसरा खरोखरच चकचकीत. बाळासो खोटं बोलले नव्हते.

मी पदर खोचला आणि तो उजेडात ओढला.

बाहेरून चकाकी सगळीकडं होती. आत मात्र, जिथं तिन्ही पत्रे एका टोकाला मिळतात तिथं, ती नव्हती. टोकाभोवती पांढरट, निस्तेज डाग. जस्ती बादलीत पाणी बरेच दिवस राहिलं की धरतो तसा. घासला तरी न जाणारा. आणि डागाची वरची कड वेडीवाकडी नव्हती. पट्टी लावून ओढावी तशी सरळ होती, दोन्ही उभ्या पत्र्यांवर. पण ती तळाच्या पत्र्याला समांतर नव्हती, तिरकी होती. टोकापाशी दीड वीत उंच, आणि बाहेरच्या बाजूला उतरत तळाला मिळालेली.

मग मी माझा आराखडा उघडला. टोकाशी मी एक लहान वर्तुळ काढलं होतं, अर्ध्या इंचाचं भोक. सरांनी सांगितलं, मी काढलं. कबनूरच्या कोपऱ्याला भोक होतं, कानशीनं कड मारलेलं. मुरगूडच्यालाही होतं.

चंदगडच्या कोपऱ्याला भोक नव्हतं.

बोट फिरवलं तेव्हा कळलं, होतं आणि बुजवलं होतं. कथलाचा डाख इतका सफाईनं भरलेला, की डोळ्याला दिसू नये, नुसता नखाला लागावा. गैबीनं जोडलेल्या शिवणी मी पाहत होते. मजबूत, पण गाठीगाठीच्या. हे काम दुसऱ्या हाताचं होतं.

जीपपाशी सयाजी तंबाखू मळत बसले होते.

"सयाजीराव, चंदगडचा कोपरा तुम्हीच परत आणलात ना?"

"आणला की. सरांनी धाडलंतं."

"कुणाकडून घेतलात?"

"कुणाकडनं म्हंजे? गोठ्याच्या भिंतीला टेकवलेला हुता. उचलला, जीपात टाकला, आलो. कुणी भेटलंच न्हाय."

"शेत धोंडुबाईंचं आहे म्हणे."

"असंल. मी काय सोयरीक जमवायला गेलतो व्हय, ताई?"

त्यांनी तंबाखू तोंडात टाकली, म्हणजे आता बोलणं बंद. पण मी धोंडुबाईंचं नाव घेतलं तेव्हा मळणारा अंगठा थांबला होता. सयाजी काहीतरी लपवत होते.

३

बाळासोंचं काय, हा प्रश्न मला सोडत नव्हता. सामानाच्या खोलीची दुसरी किल्ली त्यांच्याकडं. गैबीच्या जागेवर त्यांचा मावसभाऊ गुंडू लागावा असं त्यांनी सरांना दोनदा सुचवलेलं. कोपरा परत आल्यावर, चार महिन्यांत, भोक बुजवून गैबीला अडकवणं त्यांना अवघड नव्हतं.

मी सरळच विचारलं. गोल फिरून विचारणं मला जमत नाही.

"अनुसयाताई, मी गुंडूसाठी शब्द टाकला, हे खरं. त्यात काय चोरी हाय?" ते तडकले. "पण भोक बुजवायचं? डाख द्यायचा? आमच्या घरात स्टोव्हची पिन मारायला बी बायको उठती. माझ्या हातनं पत्रा शिवणार? आणि भोक बुजवून काय मिळणार, ते तरी सांगा. भोकाचा आणि ठिपक्याचा संबंध काय?"

हे मलाही ठाऊक नव्हतं. भोक कशासाठी होतं?

"बाळासो, मुरगूड-कबनूरचे कोपरे इथून कधी निघाले?"

"आदल्या दिवशी, दोन्ही संगं. जीपात. सयाजीनं मला कबनूरला सोडलं आणि तो पुढं मुरगूडला गेला. गैबीचा तेवढा मागं राहिला. त्याला सकाळची एसटी धरायची हुती, म्हणून तो आपला कोपरा डोक्यावर घेऊन घरी गेला."

मी ते वहीत लिहून घेतलं. मग रजेचा अर्ज लिहिला.

"उद्या कुठं?" बाळासोंनी विचारलं.

"चंदगडला."

"उद्या तुमचा शुक्रवारचा उपास. सा-सात तासांचा जाऊन-येऊन एसटीचा धक्का. एका पत्र्याच्या तुकड्यासाठी?"

"पत्र्यासाठी नाही," मी म्हणाले. "शनिवारी सर जे पत्र पाठवतील, ते गैबीला आयुष्यभर दाखवावं लागेल."

४

धोंडुबाईंचं शेत गावाबाहेर टेकाडावर होतं, तांबड्या मातीचं. खाली भाताची खाचरं, वर काजूची झाडं. पन्नाशीची, खणखणीत आवाजाची बाई. मला लांबूनच बघून ओरडली.

"या पावणं! कुनाकडं?"

मी कोपऱ्याचं नाव काढलं मात्र, ती हसायला लागली.

"तो व्हय! त्यो पोरगा गैबी, लई गुणाचा. एसटीवरनं उतरवून डोसक्यावर घेऊन आला वर. दगडं रचली, खालचा पत्रा पुढनं उचलून धरला, दोरीला खडा बांधून मापं घेत बसला. मी म्हटलं, बाबा, देव बसवतोयस काय? रातच्याला माझ्या गोठ्यात निजला. भाकरी वाढली तर म्हंतो, अक्का, सरांनी सांगितलंय, कोपऱ्यापुढं कुणी जायाचं न्हाय, तुमची वासरं बांधून घाला. बांधली की मी!"

"सकाळी तो कुठं होता?"

"ह्या काजूच्या बुडात. मागं. घड्याळ बघत ताठ उभा, शाळंतल्या पोरावानी. मग नऊच्या एसटीनं गेला. म्हणाला, अजून एकदा ते वरनं जाणार हाय, तवर आठ दिस हलवू नका. गाडी येईल न्यायला."

"त्या रात्री पाऊस होता?"

"पाऊस? अक्का, परतीचा पाऊस! गोठ्याची कौलं वाजत हुती रातभर. पहाटं थांबला."

तिनं भाकरी काढली. मी उपास सांगितला, तशी पेलाभर दूध आणून हातात दिलं. ते पीत असताना मी विचारलं, "कोपरा इतका स्वच्छ कसा होता, धोंडुबाई?"

"मीच घासला! आठ दिसांनी गाडी यायची, म्हणून रानातनं खाली आणला आणि राखेनं घासला. दुसऱ्याची वस्तू घाण परत द्यायची व्हय? आणि मोकळी बी द्यायची न्हाय. म्हणून त्यात पाच पायली तांदूळ घातलं, फडक्यात बांधून. ड्रायवरला सांगितलं, निम्मं सायबाला, निम्मं गैबीच्या आईला. पोचलं न्हवं?"

सयाजींचा थांबलेला अंगठा मला आठवला. 'कुणी भेटलंच न्हाय.' भेटलं असतं तर तांदूळही भेटले असते.

"मी चौकशी करते," मी म्हणाले. मग निघता निघता विचारलं, "खाली आणलात तेव्हा जड नाही झाला?"

"झाला की! भरलेला हुता न्हवं. दीड वीत पाणी. आठ दिस आमची वासरं दावं सोडवून तितंच पाणी प्यायला बगायची, मी हाकलायची. लई बेस भांडं, एक थेंब गळंल तर शपथ!"

पेला माझ्या हातात तसाच राहिला.

एक थेंब गळला नाही. म्हणजे पाऊस पडला त्या रात्री भोक आधीच बुजलेलं होतं. आमच्या सामानाच्या खोलीत चार महिन्यांत कुणी काय केलं, याला अर्थच उरला नव्हता. आणि कॉलेजातून निघाल्यापासून शेतात पोचेपर्यंत तो कोपरा फक्त दोन ठिकाणी होता, एसटीच्या टपावर आणि गैबीच्या घरात. टपावर कुणी डाख देत नाही.

५

परतीच्या एसटीतून उतरले ती थेट गैबीच्या गल्लीत. दिवेलागणीला अजून अवकाश होता. दारात भट्टी, शेजारी भाता, नवसागराचा वास, आणि भट्टीपुढं गैबीची आई अमीरबी एका पितळी पातेल्यात कापसाचा बोळा फिरवत बसलेली. नवऱ्याच्या मागं तिनंच हे काम चालवलं होतं. बोळ्यामागून पांढरी चकाकी आरशासारखी उमटत होती, कुठं गाठ नाही, कुठं ओघळ नाही.

तो हात मी ओळखला. नखाला लागलेला तो हाच.

"ताई! बसा, बसा. आज तुमचा उपास. खजूर चालतोय न्हवं?" तिनं वाटी पुढं केली. "पोरगं दोन दिस जेवलं न्हाय. इचारलं तर बोलत न्हाय. हापिसात काय झालंय?"

मी एक खजूर घेतला. मग म्हणाले, "अमीरबी, तो पत्र्याचा कोपरा एक रात्र तुमच्याकडं होता."

"हुता की. ह्या भिंतीला."

"त्याच्या टोकाला भोक होतं."

"हुतं." ती जराशी लाजली. "तुमाला कुणी सांगितलं? पोरगं निजलं, मी आपला सवयीनं हात फिरवला, तर बुडालाच भोक! म्हटलं, घाईत पंच पडला असंल. चाळीस वर्सांत ह्या घरातनं गळकं भांडं भाईर गेलं न्हाय. सायेबाच्या हापिसात लोक हसतील पोराला. पहाटं उठून बुजवून टाकलं."

"गैबीला सांगितलं नाहीत?"

"सांगून त्याची लाज काढू? झाकायचं आणि गप बसायचं, आई कशाला असती?"

मी तिला सगळं सांगितलं, जितकं हलक्या आवाजात सांगता येईल तितकं. बोळा तिच्या हातातून पातेल्यात पडला.

"म्हंजे माझ्या हातानं..."

"अम्मा, आत जा."

गैबी दारात उभा होता. केव्हापासून, कुणास ठाऊक.

"ताई, तुमी चंदगडला गेलता, कळलं मला. पाया पडतो तुमच्या. पर हे हितंच सोडा. नोकरी गेली तर मी बी ह्या भट्टीवर बसंन. पर अम्माच्या हातानं काम बिघडलं, असं गावात कुणी म्हणालं, तर ती परत हात चालवणार न्हाय. वळखतो मी तिला. उद्या तुमी तिचं नाव घेतलंसा, तर मी सगळ्यांसमोर म्हणणार, भोक मीच बुजवलं."

६

शनिवारी साडेदहाला सरांच्या टेबलावर दोन पाकिटं होती. एकात नकाशा जायचा होता. दुसरं गैबीचं. चंदगडपुढची जागा अजून कोरी होती.

मी कोपरा मध्ये आणवला. चार विटा आणि कोनमापक मागितला.

"अनुसयाबाई, टपाल बारा वाजता जातं," सर म्हणाले.

"अर्ध्या तासात होईल, सर. बाळासो, पुढनं जरा उचला. अजून. आता वीट सरकवा."

आतल्या पांढऱ्या डागाच्या तिरक्या रेघेशेजारी मी गवंड्याची पाणसळ धरली. कोपरा पुढून उचलत नेला तसा बुडबुडा सरकत मधोमध आला. आता दोन्ही पत्र्यांवरची रेघ तळ्याच्या काठासारखी आडवी होती.

"सर, हा कोपरा जमिनीवर सपाट ठेवला तर यात वाटीभर पाणी राहत नाही, पुढून वाहून जातं. पाणी राहायला तो असाच उचललेला लागतो. आता तळाच्या पत्र्याचा कोन तुम्हीच मोजा."

सरांनी कोनमापक लावला. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"पंचवीस."

"यानासाठी तुम्ही तिघांना सांगितलेला कोन?"

"पंचवीस," सर म्हणाले. आवाज बदलला होता.

"ज्या माणसानं कोपरा लावलाच नाही, त्याच्या कोपऱ्यात पंचवीस अंशांवर पाण्याची रेघ कशी उठेल? गैबी गेला होता. तुम्ही सांगितलं तसंच त्यानं केलं. धोंडुबाईंनी त्याला पाहिलं. आठ दिवसांनी त्यांनीच कोपरा राखेनं घासला, म्हणून तो कोरा दिसला. घासून चिखल गेला. जस्तावर चढलेला डाग गेला नाही." मी सयाजींकडं वळले. "धोंडुबाई विचारत होत्या, तांदूळ पोचले का."

सयाजी छताकडं बघू लागले. "ताई, ते... आमच्याकडं पावणं आलते त्या दिवशी."

"पाच पायली खाणारे?" बाळासो म्हणाले.

"लगीन हुतं की घरात!"

सर हसले नाहीत. त्यांचं लक्ष कोपऱ्यातून हललं नव्हतं. "पण ठिपका, बाई?"

"ते तुम्हीच शिकवलंय, सर. या पट्टीत आपला रंकाळा तलाव काळा का दिसतो?"

"सपाट पाणी आरशासारखं असतं. लाट त्यावर पडून पुढं निघून जाते, परत येत नाही..." ते बोलता बोलता थांबले. मग स्वतःशीच पुटपुटले, "पाणी आपली पातळी सोडत नाही. भिंती पंचवीस अंशांनी कललेल्या. तळाला काटकोन राहिलाच नाही. त्यात एवढ्या वजनानं पत्रा वाकलेला." त्यांनी टेबलाला हात टेकला. "कोपऱ्याचा हौद झाला. त्या रात्री चंदगडला पाऊस, इकडं कोरडं. म्हणून तर भोक ठेवायला सांगितलं होतं मी. ते कुठं गेलं?"

"बुजलेलं आहे. पावसाच्या आधी बुजलेलं, नाहीतर पाणी राहिलंच नसतं."

"कुणी बुजवलं?"

"मी," गैबी म्हणाला. तो दाराला टेकून उभा होता. "मीच बुजवलं, सर. इसरलो सांगायला."

मी गैबीकडं बघितलं. तो नजर देईना. खोटं बोलणं मला जमत नाही, आणि त्याच्या आईचं नाव त्याच्यादेखत घेणंही जड जात होतं.

"सर, गैबीच्या शिवणी बघा," मी म्हणाले. "आणि हा डाख बघा. गैबी चांगला कारागीर आहे. पण हे काम त्याच्या हातचं नाही. यापेक्षा जास्त मी बोलणार नाही."

"आणि बोलायचं बी कारण न्हाय," मागून आवाज आला.

अमीरबी. धुतलेलं लुगडं, डोक्यावर पदर, दमलेली. गैबीला बाजूला सारून ती सरळ टेबलापाशी आली.

"भोक मी बुजवलं, सायेब. त्याला ठावं नव्हतं. बुधवारी बगून त्यानं आईचा हात वळखला, म्हणून तोंड शिवून बसलाय. म्हंतो, अम्माला नाव ठेवू देणार न्हाय. नाव ठेवा की! चुकलं ते चुकलं. पर एक इचारते. भांड्याला भोक कशाला पाडतासा, हे सांगितलंतं का कुणी त्याला?"

सरांनी बुजलेल्या भोकावर बोट ठेवलं.

"मलाही सांगितलं नव्हतं, सर," मी म्हणाले. "मी वर्तुळ काढलं. अर्धा इंच लिहिलं. कशासाठी ते मी विचारलं नाही आणि तुम्ही बोलला नाहीत. कारण माहीत असतं तर मी ते शेजारी लिहिलं असतं. गैबीनं घरी सांगितलं असतं. भांडं गळू नये हेच ज्या घरात शिकवतात, त्या घरात आपण कारण न सांगता भोक पाठवलं."

बाळासो खिडकीकडं तोंड करून उभे होते. तिकडंच बघत ते म्हणाले, "सर, मी बी कोरा म्हणालो, ते नीट न बगता म्हणालो. ते मागं घेतो."

गणपतराव सरांनी दुसरं पाकीट उचललं. फोडलं नाही, आत काय होतं ते त्यांना ठाऊकच होतं. आडवं फाडलं, मग उभं. मग खण उघडून जुनं पत्र काढलं, त्यावर सही केली आणि ते स्वतः पाकिटात घातलं.

"गैबी, तू गेला नाहीस, असं मी सगळ्यांसमोर म्हणालो," ते म्हणाले. "तेही सगळ्यांसमोरच मागं घेतो. चूक सांगण्यातली होती. ती माझी." मग मला म्हणाले, "लिहा, बाई. कोपरा योग्य जागी, योग्य कोनात. पावसाचं पाणी साचल्यानं ठिपका नाही. निचऱ्याच्या भोकाचं कारण कारागिरांना कळवलेलं नव्हतं. हेही लिहा."

"तेही?"

"तेही. दिल्लीनं वाचू दे."

मी टाक बुडवला. अक्षरं नेहमीपेक्षा थोडी मोठीच आली असतील. बाराला पाच कमी असताना सयाजी दोन्ही पाकिटं घेऊन जीपकडं धावले. जाताना मला हळूच म्हणाले, "ताई, तांदूळ उद्या पोचवतो. निम्मं."

"सगळे," मी म्हणाले.

अमीरबी अजून कोपऱ्यापाशीच वाकलेली होती. आपणच भरलेल्या डाखावर बोट फिरवत होती. गैबी तिला उठवायला गेला, तिनं त्याचा हात झटकला.

"पुढच्या खेपेला यान आलं, तर असे बारा लागतील," सर अवघडून म्हणाले. "गैबीला एकट्याला व्हायचे नाहीत. तुम्ही कराल?"

"करू की."

"भोकासकट?"

तिनं मान वर केली. चाळीस वर्षांचा नेम तिच्या तोंडावर दिसत होता, आणि तो मोडायला ती तयार झाली होती, पण सहज नाही.

"ठेवते भोक, सायेब. बाराच्या बाराला ठेवते," ती म्हणाली. "पर कुठनं करून आणलं म्हणून कुणी इचारलं, तर आमच्या दुकानाचं नाव तेवढं सांगू नका."